उद्घाटनाची वाट पाहणारं टेबल

संपादकांचा फोन आला. "मॅडम, यंदाच्या दिवाळी अंकाला तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. दिव्यांगांसाठी एवढं काम केलंय तुम्ही. काहीतरी प्रेरणादायी येऊ द्या." मी हो म्हणाले आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. हा 'प्रेरणादायी' शब्द नोकरीत इतक्या वेळा कानावर आदळलाय, की तो ऐकला की माझं पित्त खवळतं. पाय नसलेला माणूस बाजारात भाजी आणायला गेला की प्रेरणादायी. आंधळी बाई भाकरी थापते म्हणून प्रेरणादायी. अरे, तिला भूक लागते म्हणून ती भाकरी थापते! तेव्हा प्रेरणा हवी असेल त्यांनी पुढची पानं उलटावीत, तिथे राशिभविष्य असेल. इथे फक्त वैताग आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते माझ्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. मला शिकवलं ते तिनंच, पण लेक नेमकी काय करते असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "जीपमधनं फिरतीया आन् घरी येऊन चिडतीया." तसं ते बरोबरच होतं. परदेशातून निधी येणारा एक आरोग्य प्रकल्प बेळगाव जिल्ह्यात चालायचा. बाळंतपणात बाई आणि मूल दगावू नये, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच्या कागदांवर 'सर्व माता' असं छापलेलं असायचं. माझी नेमणूक त्यातल्या 'सर्व' या शब्दासाठी होती. जी बाई चालू शकत नाही, जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तीही गरोदर राहते, तिलाही तपासायला हवं, एवढी साधी गोष्ट दवाखान्यांना, अधिकाऱ्यांना आणि खुद्द आमच्याच प्रकल्पाला पुन्हा पुन्हा सांगत राहायचं. याला इंग्रजीत मोठं नाव होतं. मराठीत याला पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात.

सुरुवातीचीच गोष्ट. 'दिव्यांगांचा आरोग्य कार्यक्रमात सहभाग' या विषयावर बेळगावात एका हॉटेलात कार्यशाळा ठेवली. सभागृह वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. खाली व्हीलचेअरवाल्यांची रांग, आणि वर सहभागावर भाषण सुरू. मी वरखाली पळतेय. शेवटी वेटरांनी एकेकाला खुर्चीसकट उचलून वर नेलं, तेव्हा फोटोग्राफर म्हणतो, "मॅडम, जरा थांबा, हा फार छान फोटो आहे." आलेल्या दृष्टिहीन मंडळींना गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तिका वाटली. त्यातल्या एका काकांनी ती वास घेऊन परत दिली.

त्या दिवशी माझी सांबऱ्याच्या परशराम अण्णांशी ओळख झाली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला असताना त्यांचा एक पाय गेला होता. आमच्या भागात दिव्यांग माणसासाठी काय करावं हे सुचलं नाही की लोक त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, जमलं तर फेटा. परशराम अण्णांचा सत्कार पंधरा ऑगस्टला व्हायचा, सव्वीस जानेवारीला व्हायचा, गणपतीत तर मंडळं त्यांच्यासाठी भांडायची. मी त्यांना आमच्या सल्लागार समितीवर घेतलं, तर पहिल्याच बैठकीत आमच्या लोकांनीही शाल काढली. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, घरात शालींचा ढीग झालाय. बायकोनं त्याच्या वाकळा शिवल्या बघा. आमच्या दवाखान्यात मला बसाय येईल असला संडास न्हाय. तेवढं करा म्हणून सांगून दमलो. शाल मातूर न चुकता येतीया."

संडास झाला नाही, रॅम्प झाला. कारण रॅम्प दर्शनी भागात असतो आणि फोटोत येतो. ठेकेदाराला सांगितलं होतं की उतार सौम्य ठेव, पण जागा कमी पडली म्हणून त्यानं तो घसरगुंडीसारखा उभा केला. अण्णांना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी कुबड्या टेकल्या, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावरनं मी गेलो तर ह्या डॉक्टरच्या आधी हाडाच्या डॉक्टरकडं पोचतोय." पुढं त्या रॅम्पवर सिस्टर लोकांच्या स्कूटी लागायला लागल्या. सावलीची जागा होती, त्यांचं तरी काय चुकलं?

असं सगळं चाललेलं असताना एक चांगली गोष्ट घडली. बटण दाबलं की खाली-वर होणारं तपासणीचं टेबल प्रकल्पाने निपाणी भागातल्या एका सरकारी दवाखान्याला दिलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. बाहेरच्यांना टेबलाचं एवढं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. गरोदर बाईला आडवं झोपवून, पोटावर हात ठेवून, टेप लावून बघावं लागतं. मूल वाढतंय का, आडवं आहे की उभं, हे खुर्चीवर बसलेल्या बाईच्या पोटावरून कळत नाही. आपल्याकडची तपासणीची टेबलं कमरेएवढी उंच. खाली एक लोखंडी पायरी, आणि सिस्टरचं ठरलेलं वाक्य, "हं, चढ वर." जिला चढता येत नाही तिचं बीपी बघायचं, रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि पाठवून द्यायचं. अशा किती बायका नऊ महिने एकदाही न झोपवता घरी पाठवल्या गेल्या असतील, याचा विचार आला की अजून मला जेवण जात नाही.

म्हणून त्या टेबलासाठी मी जंग जंग पछाडलं होतं. ते आलं, खोलीत ठेवलं गेलं आणि तिथंच राहिलं, प्लास्टिकच्या वेष्टनात. का? तर उद्घाटन व्हायचं होतं.

आपल्याकडे नवी वस्तू अशी उगाच वापरत नाहीत, हे मलाही मान्य आहे. गाडीला लिंबू-मिरची बांधतात, गिरणीला नारळ फोडतात. पण इथे नारळ फोडणारा कोण यावर गाडी अडली. दवाखान्याला वाटे, पुढारी यावा. आमच्या प्रकल्पाचे दिल्लीचे साहेब म्हणत, परदेशचे पाहुणे येणार आहेत, त्यांच्या हस्ते करू. पाहुण्यांची तारीख पुढे सरकत राहिली. दवाखान्यातल्या क्लार्कला विचारलं की तो म्हणे, "नोडोण, मॅडम." नोडोण म्हणजे बघूया. आमच्याकडच्या कचेऱ्यांत कानडी कमी येणाऱ्या माणसालाही हा शब्द पहिल्यांदा येतो.

आणि याच सुमारास मला सविता भेटली.

सविता बोरगावची. विड्या वळायची. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेलेले, घरात हातांवर चालायची, बाहेर तीनचाकी सायकल. नवरा दिलीप टेम्पो चालवायचा. दोघांचं लग्न ठरवून नव्हे, स्वतःच्या मर्जीनं झालेलं. विड्यांची पानं पोचवायला तो टेम्पो घेऊन यायचा आणि ही त्याला उशिरा आल्याबद्दल शिव्या द्यायची, तिथून जमलं म्हणे. मी गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पोट चांगलं दिसत होतं. मी विचारलं, "कितवा महिना?"

"आठवा सरत आला. तुमीबी नाव लिहून घ्याय आलाय व्हय? लिहा. लिहिण्यानं काय पोट दुकत न्हाय."

"आशाताई येतात ना बघायला?"

सविता हसली. "त्येचीच तर गंमत हाय, आक्का."

गंमत अशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सविताचं माहेर हद्दीपलीकडे, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बोरगावच्या आशाताईनं धरलं की सातव्यात ही माहेरी जाणार, आता तिकडची बाई बघेल. म्हणून तिनं येणं थांबवलं. माहेरच्या आशाताईनं धरलं की अजून आली नाही, म्हणजे सासरीच आहे, तिकडं बघत असतील. दोघींनीही आपापल्या परीनं बरोबरच केलं होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर दोन राज्यांची पाहुणी होती. आणि सविताला माहेरी जायचंच नव्हतं. आई वारलेली, भावाचं घर वरच्या मजल्यावर. "भावजय म्हणतीया, या की. जिना कोण चढीवणार? माझ्यासंगं वाद घालाय येतोय, जिन्यासंगं न्हाय येत."

"मग दवाखान्यात?"

"दोनदा जाऊन आलो. सिस्टर म्हणाली, वर चढ. मी म्हणलं, तुमी उतरा. मग दोन बाप्ये आले उचलाय. एक पाय धरतोय, एक काखेत हात घालतोय, तंबाखूचं पोतं हाय व्हय मी? मी न्हाय म्हणलं. मग बसल्या जागी बीपी बघितलं आन् सोडलं."

मी विचारलं, मूल हलतंय ना? तेव्हा पहिल्यांदा तिचे हात थांबले. ती सासू आत आहे का बघून हळू आवाजात म्हणाली, "पयल्यागत न्हाय. लई कमी झालंय. आन् पोट बगा, म्हैनाभर तेवढंच हाय. सासूबाई म्हणत्यात, तुझं सगळंच बारकं, तसलंच आसनार. आक्का, मला ह्ये पोर पायजे. कायबी करा."

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, घेऊन या, पण झोपवायचं कुठं? मी म्हटलं, नवं टेबल आहे की! त्या म्हणाल्या, "मॅडम, त्याचं उद्घाटन झालेलं नाही." असं म्हणाल्या, जणू उद्घाटन होईपर्यंत त्याला पायच फुटणार नव्हते.

मग दिल्लीच्या साहेबांना फोन केला. साहेब तरुण होते, सज्जन होते, मला जी-जी करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना भलताच आनंद झाला. म्हणाले, ही तर आदर्श लाभार्थी आहे, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करू आणि पहिली तपासणी यांचीच करू, फोटो फार बोलका येईल. पुढच्या आठवड्यात नाहीतर त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे नक्की आहेत.

"साहेब, मूल हलायचं कमी झालंय," मी म्हटलं.

"हो, हो, पण तोवर नेहमीची तपासणी चालू ठेवू या ना."

नेहमीची तपासणी! मी फोन ठेवला. दिलीप जेवायला घरी आला होता. त्याला म्हटलं, टेम्पो काढ.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारची गर्दी ओसरत होती. सविताला सायकलीवर बसवून तपासणीच्या खोलीत नेलं. टेबल भिंतीला लावलेलं, वर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर कुणीतरी हौसेनं लाल फीतसुद्धा बांधून ठेवलेली. सिस्टर दारात आडव्या. "मॅडम, मला वरून बोलणी बसतील." मी म्हटलं, माझं नाव सांगा. कात्री मागितली तर त्या देईनात. शेवटी सवितानं पिशवीतून विडीची पानं कापायची कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. उद्घाटनाचा कार्यक्रम असा उरकला. नारळ नाही, पाहुणे नाहीत. नंतर लक्षात आलं की टेबलाच्या वायरीची पिन मोठी आणि खोलीतल्या एकमेव मोठ्या सॉकेटला गिझर जोडलेला. दिलीपनं टेम्पोतून वायर आणून ती भानगड मिटवली. सिस्टरही मग पदर खोचून पुढे झाल्या, कारण माणूस म्हणून त्या चांगल्याच होत्या, फक्त त्यांना कुणीतरी आधी नियम मोडून दाखवायला हवा होता.

बटण दाबलं. टेबल घुर्र करत खाली आलं, पार सायकलीच्या बैठकीएवढं. सवितानं दोन्ही हात टेकले आणि एका झटक्यात स्वतः त्यावर सरकली. कुणी उचललं नाही, कुणी काखेत हात घातला नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती तपासणीला आडवी झाली. डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर टेप लावली, पुन्हा लावली, ठोके ऐकले. मग त्यांचा चेहरा बदलला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मूल वाढलेलं नाही. पाणीही कमी वाटतंय. हिला आत्ताच्या आत्ता बेळगावला न्या." आणि म्हणाल्या, "आधी का नाही आणलं?"

मी रुग्णवाहिका बोलवायला धावले.

रुग्णवाहिकेतून बेळगावला निघालो.  संकेश्वर मागे पडेपर्यंत सविता पोटावर हात ठेवून होती आणि मधूनच म्हणायची, "हल की रं. हल की गं." मुलगा-मुलगी काही ठाऊक नाही म्हणून दोन्ही म्हणत होती. मी देवधर्म करणारी बाई नाही, पण त्या रस्त्यात मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पटापट सोनोग्राफी झाली आणि ऑपरेशन करून मूल काढायचं ठरलं. दिलीपची आई बसनं मागून येऊन पोचली. इथंवर सगळं सुरळीत होतं. मग तिथले डॉक्टर बाहेर आले. मोठा अनुभवी माणूस, हात हलका म्हणून नाव असलेला. सविता ट्रॉलीवर आमच्या मधोमध होती. डॉक्टर तिच्या अंगावरून दिलीपशी बोलायला लागले. म्हणाले, पोट उघडणारच आहोत, तर त्यातच कुटुंबनियोजनाचंही करून टाकू. यांची अवस्था बघता एक मूल पुरे. पुन्हा त्रास नको.

दिलीप गोंधळला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "व्हय, व्हय, डॉक्टर. करून टाका. हिला एक संभाळायचंच वांदं हाय." दिलीपनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं, मी शिकलेली दिसत होते म्हणून. म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजावून सांगा यांना."

माझ्या आयुष्यभराच्या नोकरीचा सगळा वैताग त्या एका 'यांना'मध्ये होता. 'यांना' म्हणजे दिलीपला. जिचं पोट, ती मधे पडलेली, आणि तिच्या डोक्यावरून आम्ही चौघं एकमेकांकडे बघत होतो. मी म्हटलं, "डॉक्टर, तिला विचारा. तिचं नाव सविता आहे."

ते थोडे चपापले. मग पहिल्यांदा मान खाली करून तिच्याकडे बघितलं.

तिनं त्यांना बोलूच दिलं नाही. "आत्ता मूल काडा. दुसरं काय करू नका. मला आजून एक पायजे."

"अगं, पण तुझ्यानं..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"तुमी संभाळणार आसशिला तर नको, आत्याबाई. मी संभाळणार हाय. तुमच्या लेकाला मीच संभाळतोय न्हवं का?"

दिलीपच्या तोंडावर त्याही परिस्थितीत हसू आलं. डॉक्टरांनी कागद तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "कानडी बोलाय येतंय, वाचाय न्हाय. काय लिवलंय ते समदं सांगा, मग सही करतो." बिचाऱ्या नर्सनं घाईघाईनं पण सगळं सांगितलं. सवितानं मराठीत सही केली, पूर्ण नाव घालून, आणि मग तिला आत नेलं.

बाहेर बाकावर बसून मी रडले. आनंदानं नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढी मारामारी का करावी लागते, याचा संताप होता तो. वर्षानुवर्षं कार्यशाळा घेतल्या, पुस्तिका छापल्या, रॅम्प बांधले, आणि अजून बाईला तिच्या पोटाबद्दल विचारायचं, हे शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

मुलगी झाली. मुठीएवढी, पण रडली ती साऱ्या मजल्याला कळेल अशी. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मग एके दुपारी सिस्टर तिला कपड्यात गुंडाळून घेऊन आल्या आणि सविताच्या पलंगापाशी येऊन आजीला शोधायला लागल्या. "आईला जमणार नाही, आजींकडे देते." सवितानं दोन्ही हात पुढे केले. विड्या वळून घट्टे पडलेले, सगळं आयुष्य अंगाचा भार वाहिलेले हात. म्हणाली, "आणा हिकडं." सिस्टरनी मूल दिलं. सवितानं तिला अगदी सहज छातीशी घेतलं.

त्याच वेळी माझा फोन वाजला. दिल्लीचे साहेब. पाहुण्यांची तारीख एकदाची पक्की झाली होती. टेबलावर नवं प्लास्टिक घालून घेतलंय, फीतही नवी आणलीय. लाभार्थी बाईंना गाडी पाठवू, त्या फक्त टेबलावर झोपल्या की झालं. शाल वगैरे आपण देऊच. उत्साहानं बोलत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, बाई शुक्रवारी रिकाम्या असतील ना?"

मी पलंगाकडे बघितलं. मुलीला छातीशी धरून सविता तिला पाजायला शिकत होती आणि जमत नाही म्हणून त्या एवढ्याशा जिवाला शिव्या घालत होती.

"नाही," मी म्हटलं. "ती कामात आहे."